नोकरीच्या अर्जात वंश आणि लिंग विचारतात तेव्हा तुम्ही काय भरता?

रानजाई

मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहितेच.

सात वर्षांच्या खंडानंतर पुन्हा नोकरी शोधतेय. राहायला एडिसन, न्यू जर्सी. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर मिळणाऱ्या व्हिसावर, इथे आले, मुलगी झाली, ईएडी, म्हणजे इथे काम करायचं परवानापत्र, हातात पडलं तेव्हा ती रांगत होती. आता दुसरीत आहे. रात्री ती झोपली, ओटा आवरला की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा आणि एक-दोन अर्ज भरायचे, असं दीड महिना चाललंय. रेझ्युमे चढवायचा, मग त्यातलंच सगळं पुन्हा एकेका रकान्यात भरायचं. शेवटचं पान आलं की हात थबकतो. वर 'व्हॉलंटरी सेल्फ-आयडेंटिफिकेशन' असं लिहिलेलं असतं आणि खाली चार प्रश्न. लिंग कोणतं, वंश कोणता, सैन्यात होतात का, अपंगत्व आहे का.

पहिल्या वीसेक अर्जांत मी सगळीकडे 'आय डोन्ट विश टू आन्सर' निवडलं. मग वाटायला लागलं, हिला काहीतरी लपवायचंय असं कुणी समजलं तर? पुढच्या अर्जांत 'फिमेल' आणि 'एशियन' भरायला लागले. दोन्हीकडून सारखीच शांतता, त्यामुळे कशाने काय होतं ते कळायला मार्ग नाही.

मला हे इतकं का लागतं ते सांगते. २०१० साली पुण्यात एका कंपनीत मुलाखतीला गेले होते. अर्जावर फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, विवाहित की अविवाहित, सगळं होतं. समोरच्या गृहस्थांनी अर्जावर बोट ठेवून विचारलं, "लग्न ठरलंय म्हणता, मग वर्षभरात सोडणारच ना?" माझ्या कामाबद्दल एक प्रश्न नाही. दहा मिनिटांत बाहेर. रिक्षात बसल्यावर रडू आवरेना. इथल्या अर्जात फोटो नाही, जन्मतारीख नाही, लग्नाचा रकाना नाही, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किती मोकळं वाटलं होतं! आणि मग शेवटच्या पानावर हे.

ज्यांनी इथे भरतीचं काम केलंय त्यांनी कृपया खरं सांगा. हे उत्तर जातं कुठे? कोण वाचतं?

कोकणकडा

मी कायम 'सांगायचं नाही' निवडतो. कामाशी ज्याचा संबंध नाही ते समोरच्याला सांगू नये. तुम्हीही तेच करा.

तिफण

रानजाई, मी ओहायोत वीस वर्षं एचआरमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी पहिली नोकरी एका कारखान्याच्या ऑफिसात होती, तेव्हा अर्ज कागदावर यायचे. अर्जाच्या तळाशी एक पट्टी असायची, तिला भोकांची रेघ मारलेली. वंश आणि लिंग त्या पट्टीवर. अर्ज हातात आला की पहिलं काम म्हणजे ती पट्टी फाडून वेगळ्या डब्यात टाकायची आणि उरलेला अर्ज सुपरवायझरकडे द्यायचा. मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पट्टीसकट एकही अर्ज वर जाता कामा नये. आज तुम्ही पडद्यावर जे शेवटचं पान बघता ती तीच पट्टी आहे. निवड करणाऱ्या मॅनेजरला तुमचा रेझ्युमे दिसतो, ते पान दिसत नाही. दिसू द्यायचं नाही हा नियम आहे, आणि मी जिथे जिथे काम केलं तिथे तो पाळला गेला.

आता विचारतात कशाला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने नोकरीत वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून भेदभाव करायला बंदी केली. पंधरा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तो लागू आहे. तो अमलात आला २ जुलै १९६५ ला. नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक पॉवर कंपनीचं डॅन रिव्हर नावाचं वीजकेंद्र होतं. ९५ कामगार, त्यांतले १४ कृष्णवर्णीय, आणि कायद्याआधी ते सगळे फक्त मजूर विभागात. कायदा लागू झाला त्याच दिवशी कंपनीने वरच्या विभागांत शिरायला दोन लेखी चाचण्या लावल्या. हायस्कूलच्या दाखल्याची अट आधीपासून होतीच. कागदावर कुठेही वंशाचा उल्लेख नाही. नियम सगळ्यांना सारखा! पण ज्यांना शाळाच धड मिळाली नव्हती ते बाहेरच राहिले, आणि आधीपासून वर बसलेले बिनदाखल्याचे गोरे कामगार काम व्यवस्थित करत होते, म्हणजे त्या दाखल्याचा कामाशी काही संबंध नव्हता. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की नियम दिसायला समान असला तरी त्याचा परिणाम एका गटाला बाहेर ठेवण्यात होत असेल आणि कामाशी त्याचा संबंध नसेल, तर तो चालणार नाही.

परिणाम बघायचा तर मोजावं लागणार. १९७८ च्या मार्गदर्शक नियमांत त्यासाठी चार-पंचमांशचा ठोकताळा दिलाय. समजा शंभर पुरुषांनी अर्ज केले, वीस घेतले, म्हणजे २० टक्के. पन्नास बायकांनी केले, सहा घेतल्या, म्हणजे १२ टक्के. बाराला विसाने भागलं की ६० टक्के येतात. ८० च्या खाली गेलं की कंपनीने थांबून बघायचं, आपल्या निवडीत कुठे काय अडतंय. एका वर्षी आमच्याकडे असाच आकडा आला. मागे मागे जाऊन बघितलं तर गोदामातल्या कामासाठी कुणीतरी 'पंचाहत्तर पौंड उचलता आलं पाहिजे' असं टाकलं होतं, आणि त्या कामात इतकं वजन कधी उचलावंच लागत नव्हतं. ती ओळ काढली. ते आकडे नसते तर ती ओळ अजून तिथेच असती.

म्हणून मी भरते, आणि तुम्हालाही भरा म्हणेन.

कोकणकडा

माहिती चांगली दिलीत. पण जानेवारी २०२५ मध्ये जुना आदेश रद्द झाला ना? मग अजून का विचारतात?

तिफण

रद्द झाला तो राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा १९६५ चा ११२४६ क्रमांकाचा आदेश. सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांना तो लागू होता. मूळ कायदा संसदेचा आहे, तो जागेवर आहे. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांनी दरवर्षी वंश आणि लिंगानुसार कर्मचाऱ्यांची संख्या कळवायची, तेही चालू आहे. सैन्य आणि अपंगत्वाचे प्रश्न वेगळ्या कायद्यांतून आलेत, त्यामुळे तेही राहिले. एप्रिल २०२५ मध्ये मात्र सरकारी खात्यांना दुसरा आदेश निघाला, की परिणामावर आधारलेल्या प्रकरणांच्या मागे फार लागू नका. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पट्टी फाडून ठेवायची आणि डबा उघडायचाच नाही, असं व्हायला नको.

आणखी एक सांगते, हे फार जणांना ठाऊक नसतं. अर्जात 'सांगायचं नाही' म्हणालात तर तिथे विषय संपला. पण नोकरीला लागल्यावरही सांगितलं नाहीत, तर वार्षिक अहवालासाठी कंपनी तुमच्याकडे बघून अंदाजाने खूण करू शकते. तशी परवानगी आहे. मी स्वतः ते काम केलंय. यादी घेऊन बसायचं आणि एकेक चेहरा आठवायचा. माझ्या नोकरीतलं मला सगळ्यात नकोसं वाटणारं काम ते. माणसाने स्वतः सांगावं हे शतपटीने बरं.

शून्यप्रहर

शेवटच्या पानावर काय भरता याने फरक पडत नाही, कारण पहिल्या पानावर नाव असतं. बोस्टन आणि शिकागोत दोन अर्थतज्ज्ञांनी जवळपास पाच हजार बनावट रेझ्युमे पाठवून बघितले होते, २००४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मजकूर तोडीस तोड, बदल फक्त नावात. गोऱ्यांची वाटतील अशी नावं असलेल्यांना दहा अर्जांमागे एक फोन आला, कृष्णवर्णीयांची वाटतील अशी नावं असलेल्यांना पंधरामागे एक. वंशाचा रकाना कुणी भरलाच नव्हता.

माझं नाव 'ज्ञ'ने सुरू होतं. इंग्रजीत 'डी, एन, वाय' अशी अक्षरं ओळीने येतात, ती पाहूनच फोन करणारा अडखळतो. मित्राच्या सल्ल्याने सहा महिने रेझ्युमेवर 'डॅन' लिहिलं. मग एका मुलाखतीत त्या नावाने हाक मारली आणि मी वळलोच नाही. घरी येऊन पूर्ण नाव परत टाकलं. ते आजोबांनी ठेवलेलं नाव आहे, आळंदीच्या वाऱ्या केलेल्या माणसाने. ते मी सोडणार नाही.

जुनं_दप्तर

मी १९७२ साली आलो, शिकागोजवळ असतो. आता ऐंशीच्या घरात आहे. 'एशियन' या शब्दावर तुमचा हात थबकतो म्हणता, म्हणून लिहितो. तो रकाना आपल्याला कसा मिळाला हे तुमच्या पिढीला कुणी सांगितलेलं नसतं.

१९३० आणि १९४० च्या इथल्या जनगणनेत आपल्या लोकांचा वंश 'हिंदू' असा लिहीत. शीख असो, मुसलमान असो, सगळे हिंदूच. १९७० च्या जनगणनेत आपल्याला गोऱ्यांत मोजलं. मी आलो तेव्हा सरकारदरबारी मी गोरा होतो आणि घर भाड्याने बघायला गेलो की नव्हतो. फोनवर "या, खोली रिकामी आहे" म्हणणारी बाई दारात मला बघून म्हणायची, "आत्ताच दिली." असं तीनदा झालं.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला आपल्यात यावर मोठा वाद झाला. काहींचं म्हणणं, आपण शिकलेसवरलेले, अल्पसंख्याक म्हणवून घेऊन कृष्णवर्णीयांच्या वाट्यात हात का घालायचा? दुसऱ्यांचं म्हणणं, बढतीत आपण डावलले जातो ते मोजणार कोण? दोन्ही बाजूंना जीव तोडून बोलणारी माणसं होती. मी पहिल्या बाजूचा होतो. १९७७ मध्ये सरकारने वंशांची नवी व्याख्या केली आणि भारतीय उपखंड आशियात घातला. १९८० च्या जनगणनेत 'एशियन इंडियन' असा आपला वेगळा चौकोन आला. त्याच सुमारास माझ्या हाताखाली तयार झालेल्या दोघांना माझ्याआधी बढती मिळाली, आणि माझं मत बदललं.

त्याही आधीचं सांगतो. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. नागरिकत्व फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना मिळायचं, म्हणून ते आपण गोऱ्यांत मोडतो असं सांगत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी १९२३ मध्ये न्यायालय म्हणालं, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तो तुम्ही नव्हे. मग ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. थिंद यांच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित होते. नाव वाचलं की आपल्याच वाड्यातले वाटतात. ते १९१४ पासून नागरिक होते. सरकार त्यांच्यावरही उलटलं. पंडित स्वतःसाठी लढले आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकले. आपल्या सगळ्यांसाठी नागरिकत्वाचं दार उघडायला मात्र १९४६ उजाडलं.

म्हणून मी हो म्हणतो, पोरी, चौकोन भर. फार लोकांनी फार वर्षं खस्ता खाल्ल्या आहेत त्यासाठी.

निळी_पहाट

दप्तरकाका, नमस्कार. थिंद खटल्यातली एक बाजू राहून गेली, ती मांडते. थिंद यांच्या वतीने न्यायालयात असं सांगितलं गेलं होतं की ते उच्च जातीचे आहेत, उच्च जातीचा माणूस देशातल्या मूळ रहिवाशांशी बेटीव्यवहार करत नाही, तेव्हा रक्तात सरमिसळ नाही. जात हाच गोरेपणाचा दाखला म्हणून पुढे केला होता. तो चालला नाही, ही गोष्ट वेगळी.

मी नागपूरची, आता सिॲटलला. शाळेपासून प्रत्येक अर्जावर प्रवर्गाचा रकाना भरत आले. त्या रकान्यामुळे वडील सरकारी नोकरीत लागले, मी इंजिनिअर झाले. त्यावरून कॉलेजात जे ऐकून घेतलं तेही विसरलेले नाही. इथे आले तेव्हा 'एशियन' एवढंच भरून पुढे जाता येतं याचा मला आनंदच झाला होता. मग टीममधल्या आपल्याच लोकांनी जेवताना आडनाव विचारलं. मग गाव. मग "म्हणजे नक्की कोण?" मी सांगितलं. पुढच्या महिन्यापासून शनिवारच्या जेवणाची बोलावणी बंद झाली. हे कुठल्या रकान्यात लिहू?

फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्या शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, अमेरिकेत असं करणारं पहिलं शहर. त्या दिवशी मी आईला फोन लावून रडले. कॅलिफोर्नियात तसाच कायदा दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी तो परत पाठवला, आधीच्या कायद्यांत हे येतंच असं कारण देऊन. येतं असेल, पण मोजणी नाही. मोजणी नाही म्हणून "आपल्यात असलं काही नसतं" असं म्हणायला सगळे मोकळे.

जातीचा रकाना इथल्या अर्जावर यावा का, हे माझं मलाच ठरवता येत नाही. हा डबा फोडून आतलं कुणी वाचेल ही भीती मी वयाच्या सहाव्या वर्षापासून ओळखते. पण 'विचारूच नका' म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, न विचारताही लोक शोधून काढतातच.

कोकणकडा

निळी_पहाट, वाचून गप्प झालो. 'सांगू नये' म्हणणं मला सोपं जातं, कारण मला कधी कुणी "नक्की कोण" असं विचारलेलं नाही.

पाणवठा

लंडनहून. इथे असा फॉर्म वेगळाच असतो, 'इक्वॅलिटी मॉनिटरिंग' नावाचा, आणि त्यात 'एशियन'च्या खाली 'इंडियन' असा स्वतंत्र पर्याय असतो. प्रकृतीबद्दलचे प्रश्न मात्र नोकरी देऊ करण्याआधी सहसा विचारता येत नाहीत, २०१० च्या समानता कायद्यात तसं आहे. बहीण फ्रान्सला आहे, तिकडे वंशाची नोंद ठेवायलाच जवळजवळ बंदी. ती म्हणते तिच्या ऑफिसात वरच्या मजल्यावर सगळे एकाच रंगाचे आहेत, पण आकडा कुणाकडेच नाही.

सुगडं

मला मधुमेह आहे. अपंगत्वाच्या प्रश्नाला 'हो' म्हणायचं का? घाबरून कायम 'नाही' म्हणत आलेय.

तिफण

सुगडं, त्या फॉर्मवर उदाहरणांची यादी असते, तीत मधुमेह स्पष्ट लिहिलाय. कर्करोग, नैराश्य, हृदयविकारही आहेत. 'हो' म्हटलंत तर ते खोटं ठरत नाही. 'सांगायचं नाही' हाही पर्याय आहे. इन्शुलिनसाठी वेळ हवा असेल तर मात्र तो फॉर्म उपयोगाचा नाही, ते एचआरला वेगळं कळवावं लागतं.

माहेरची_वाट

लिंगाबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी. माझं मूल स्वतःला मुलगाही म्हणवत नाही आणि मुलगीही नाही. बावीस वर्षांचं आहे, बोस्टनला शिकतं. बऱ्याच अर्जांवर दोनच पर्याय असतात. ते त्या प्रश्नाशी येऊन लॅपटॉप मिटतं. मी शेजारी बसून बघितलंय. काही ठिकाणी तिसरा पर्याय दिसायचा, तेव्हा चेहरा बदलायचा. आता सरकारी अहवालात दोनच रकाने ठेवलेत.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्र पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथी उमेदवारांसाठी वेगळा पर्याय ठेवायला सांगितलं, ती बातमी मी मुलाला वाचून दाखवली होती. आपल्या साताऱ्या-सांगलीतलं कुणीतरी तो चौकोन भरून शिपाई होईल हे ऐकून ते कितीतरी वेळ बोललं नाही. मग म्हणालं, "आई, लिंक पाठव."

उंबरठा_डॅलस

मास्टर्स संपतंय, मे पासून अर्ज करतोय. वंशाच्या प्रश्नाचं मला काही वाटत नाही. मला मारतो तो दुसरा प्रश्न, 'आत्ता किंवा पुढे कधी व्हिसासाठी कंपनीचं प्रायोजकत्व लागेल का?' तो ऐच्छिक पानावर नसतो, त्याला 'सांगायचं नाही' असा पर्याय नसतो. 'हो' म्हटलं की कित्येकदा पाच मिनिटांत नकाराची मेल येते, म्हणजे माणसाने अर्ज उघडलाही नाही. याचा डबा कोण मोजतं?

तिफण

कुणीच नाही. हा प्रश्न विचारायला कायद्याची आडकाठी नाही आणि प्रायोजकत्व न देणं हेही कंपनीच्या हातात आहे. उत्तर खरंच द्या, पुढे अंगाशी येतं. विद्यापीठाच्या करिअर ऑफिसकडे मागच्या काही वर्षांत प्रायोजकत्व दिलेल्या कंपन्यांची यादी मागा आणि तिथून सुरुवात करा.

रानजाई

दोन दिवस सगळं वाचत होते. तिफण, तुमची पट्टी डोळ्यांसमोरून जात नाही. पुण्यातल्या त्या टेबलावर तो कागद अख्खा पडलेला होता, न फाडलेला, आणि त्यावर त्यांचं बोट.

काल रात्री तीन अर्ज भरले. तिन्हींत 'फिमेल', 'एशियन'. सैन्य नाही, अपंगत्व नाही. निळी_पहाट, तुम्हाला वेगळा निरोप पाठवलाय. एडिसनला कधी आलात तर जेवायला आमच्याकडे यायचं.

आणि मंगळवारी साडेदहाला फोनवर मुलाखत आहे, दीड महिन्यातली पहिली. तिथे आधीचा पगार विचारला तर काय सांगू? सात वर्षांपूर्वीचा आकडा, तोही रुपयांतला.

तिफण

न्यू जर्सीत जानेवारी २०२० पासून जुना पगार विचारायला बंदी आहे. चुकून विचारलाच तर आकडा सांगू नका, "या पदासाठी माझी अपेक्षा इतकी आहे" एवढंच म्हणा. जाहिरातीत पगाराची कक्षा दिलेली असेल, ती आधी बघून ठेवा. फोन झाला की इथे लिहा.